तोलोगोनच्या नावातली प्रश्नचिन्हं

जिपार एजे चिडली की आधी तिचे कान लाल व्हायचे आणि मग आवाज खाली यायचा. ओरडत असली तर समजायचं, अजून काही बिघडलेलं नाही. आवाज उतरला की मात्र किरगिझस्तानातल्या नारिन गावच्या आमच्या त्या वर्तमानपत्राच्या कचेरीतली माणसं आपापले चहाचे पेले उचलून शेजारच्या खोलीत जाऊन बसायची.

मी त्या पत्रात घोड्यांच्या शर्यती आणि गुराढोरांच्या बातम्या लिहायचो. ती आमचे कॉम्प्युटर सांभाळायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून मी एजे म्हणायचो. ती मला कुबात म्हणायची, आणि रागात असली की "घोड्यांचा वकील". तिचा बाप आत-बाशीच्या कुरणातला मेंढपाळ. पोरगी गणितात हुशार निघाली म्हणून त्यानं तिला राजधानीत शिकायला धाडलं. शिकून ती एका मोठ्या कारखान्याच्या गणकयंत्र विभागात लागली. कपाटाएवढी यंत्रं, पांढरा कोट, पायात कापडी सपाता. मग सोव्हिएत राज्य बुडालं आणि कारखानाही बुडाला. तिच्या यंत्रांतलं सोनं काढायला आलेल्या माणसांनी हातोड्यांनी ती फोडली, आणि पगार थकलेल्या कामगारांना भिंतीशी उभं राहून ते बघावं लागलं. त्यांत तीही होती. "बघत राहिले," एवढंच ती सांगायची. पुढं नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. तिनं बाजारात चिनी सपाता विकल्या, आणि चाळिशी जवळ आली तेव्हा आमच्याकडे आली.

हा राग तिच्यात तेव्हापासूनचा होता की जन्मापासूनचा, मला माहीत नाही. पण तिला कोणी "जाऊ द्या हो" म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता आमच्या कचेरीतला गोंधळ सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. हे २००३-०४ सालचं. आमच्याकडे तीन जातींचे कॉम्प्युटर होते. हिशेब बघणाऱ्या साल्किनकडे विंडोजचा, कारण करखात्याचा प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालायचाच नाही. आम्हा बातमीदारांकडे कुठून कुठून गोळा केलेली जुनी खोकी. त्यांत जिपार एजेनं फुकटात मिळणारं लिनक्स घातलं होतं, कारण संपादक पैसे सोडायला तयार नव्हते. आणि पानं लावणाऱ्या गेनादी पावलोविचकडे दोन देखणे मॅक, कुठल्याशा परदेशी संस्थेनं भेट दिलेले. तिघांची तीन तऱ्हेची रीत. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला जसंच्या तसं वाचता येईल याची खात्री नाही.

त्यातून आमची किरगीझ भाषा. रशियन लिपीत नसलेली तीन अक्षरं आमच्यात जास्तीची आहेत: ओठ आवळून म्हणायचा ओ, तसाच ऊ, आणि नाकातून येणारा न. रशियन अक्षरं सगळ्या यंत्रांना येत. ही तीन मात्र प्रत्येकानं आपापल्या मनानं कुठंतरी बसवलेली. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना ती कधी चौकोन होऊन येत, कधी प्रश्नचिन्ह, तर कधी येतच नसत.

यावर जिपार एजेचा उपाय साधा होता. मधे एक सर्व्हर ठेवायचा, सगळ्यांना केबलनं त्याला जोडायचं, आणि दुभाषाचं काम सर्व्हरनं करायचं. ज्याला जे अक्षर जसं लागतं, तसं त्याला द्यायचं. आमच्या खोलीत आणि साल्किनच्या खोलीत तिनं स्वतः भिंतींना भोकं पाडून केबल टाकली. घोडं अडलं ते गेनादी पावलोविचच्या दारात.

गेनादी पावलोविच साठीचा रशियन, सडपातळ, हाताच्या बोटांना शिशाच्या खिळ्यांच्या काळापासूनचा काळपटपणा चिकटलेला. गावातली त्याची बहुतेक माणसं रशियात निघून गेली होती, तो राहिला होता. किरगीझ त्याला बोलता येत नव्हतं, पण आयुष्यभर त्यानं किरगीझ पानं लावली होती. शरद ऋतूत जिपार एजेनं त्याचा मॅक सर्व्हरला जोडला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं केबल उपटून बाहेर फेकली.

"तुमचं जाळं माझ्या फायली खातं," तो म्हणाला.

"जाळं कशाला खाईल? ठेवल्याच नसतील तुम्ही."

"ठेवल्या होत्या. काल होत्या, आज दिसत नाहीत."

"बाकी दोन्ही खोल्यांत सगळं दिसतंय. तुमच्याच खोलीत भूत आहे का? सरळ सांगा ना, नवीन काही शिकायचं नाही. खोटं कशाला बोलता या वयात?"

हे ती पाचसहा माणसांसमोर बोलली. गेनादी पावलोविचनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्याच्या खोलीत कोणालाही मज्जाव. दाराशी एक टोपली ठेवली. फ्लॉपी त्यात टाकायची आणि निघायचं. शेवटी फ्लॉपीच न्यायची आहे तर मधे केबलची भानगड कशाला, म्हणून हळूहळू सगळेच पुन्हा खिशात फ्लॉप्या घेऊन फिरायला लागले. जिपार एजेनं जोडलेली केबल भिंतीला लटकून धूळ खात राहिली.

ती संपादकांकडे गेली. संपादक सेगिझबाय, वयानं मोठे म्हणून सगळ्यांचे बाइके: गोल चेहरा, मऊ आवाज, प्रत्येकाला खांद्यावर हात ठेवून परत पाठवायची कला.

"म्हाताऱ्याला दुखवून चालायचं नाही गं बहिणी. पानं लावणारा दुसरा आहे का आपल्याकडे? पुढच्या महिन्यात बघू."

"बाइके, एक दिवस भलतंच काहीतरी छापून बसाल."

"शुभ बोल की जरा."

हा पुढचा महिना पूर्ण हिवाळा संपला तरी उगवला नाही.

मार्चमध्ये तोलोगोन गेला. दोलोन खिंडीतल्या रस्त्यावरचा बर्फ काढणारा तोलोगोन. आमच्याकडचं असं एक घर नसेल ज्यातलं कोणीतरी हिवाळ्यात त्या खिंडीत अडकलं नाही आणि त्याच्या यंत्राचा पिवळा दिवा दिसल्यावर रडलं नाही. माझी बायको बाळंतपणाला राजधानीत निघाली होती तेव्हा आमची गाडी त्यानंच बाहेर काढली होती. त्याच्या आधीचं भावंड पाळण्यात गेलं, म्हणून आईनं या पोराचं नाव तोलोगोन ठेवलं होतं, म्हणजे भरपाई म्हणून मिळालेला. आणि या नावात आमचा तो ओठ आवळायचा ओ तीनदा येतो.

त्याच्या बायकोनं, झूरा आपानं, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचं निमंत्रण आमच्या पत्रात द्यायचं ठरवलं. तोलोगोनला ओळखणारी माणसं डोंगराच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली, घरोघर कुठं सांगत फिरणार? निवेदन आमच्या खोलीत लिहिलं गेलं, वाचून तपासलं गेलं, बरोबर होतं. मग फ्लॉपीवरून ते साल्किनच्या यंत्रावर गेलं, कारण जाहिरातीचे शब्द ती मोजायची. तिनं उघडलं, मोजलं, सवयीनं पुन्हा साठवलं आणि फ्लॉपी टोपलीत टाकली.

पत्र बाहेर आलं तेव्हा काळ्या चौकटीत, ठळक अक्षरांत, नावाच्या जागी चार व्यंजनं होती आणि त्यांच्यामधे तीन प्रश्नचिन्हं. त?ल?ग?न.

दुसऱ्या दिवशी सकाळी झूरा आपा आली. बुटकी, जाड कोट, डोक्याला पांढरा रुमाल. कोटाच्या आतून तिनं घडी केलेला अंक काढला आणि सेगिझबाय बाइकेंच्या टेबलावर ठेवला. आम्ही सगळे दारात गोळा झालो होतो.

"संपादक साहेब, हे वाचून दाखवा."

बाइके उठून उभे राहिले. "आपा, बसा. चहा घ्या. मशीनची चूक झाली."

"वाचून दाखवा म्हणते मी. मला अक्षरं कमी येतात. माझ्या माणसाचं नाव काय छापलंय?"

बाइकेंनी अंक उचलला आणि उलटा करून ठेवला.

"जिवंत होता तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही," ती म्हणाली, "बर्फात पाय गेले का, पगार झाला का, जेवलास का. आता मेला, तर एवढे प्रश्न छापलेत? आमच्या गल्लीतली पोरं त्याला 'कोण-कोण-कोण' म्हणतात. माझा नातू त्यांच्याशी मारामारी करून ओठ फोडून घरी आला."

"पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ आपा. मशीनचं काय असतं..."

तेव्हा मागून जिपार एजेचा आवाज आला. आवाज खालचा होता.

"मशीनचं काही नसतं. मशीनला सांगितलं ते मशीन करतं. खोटं सांगू नका या बाईला."

बाइकेंचा मऊपणा एका क्षणात गेला. "असं? मग मशीन सांभाळायला कोणाला ठेवलंय इथं? आपा, ही बघा, हीच ती. नेटवर्क हिच्या ताब्यात आहे. काय विचारायचं ते हिलाच विचारा."

असं खापर फोडून ते मोकळे झाले. झूरा आपानं जिपार एजेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुला नवरा आहे का गं?"

"होता."

"त्याचं नाव तरी नीट लिहिता येतं का?" आणि ती निघून गेली. चहाला तिनं हातही लावला नाही.

जिपार एजे तिच्या मागं गेली नाही, रडली नाही, ओरडली नाही. आपल्या खोलीत जाऊन बसली. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "कुबात, तू जा. माझ्या हातून आत्ता कोणाला तरी काहीतरी लागेल."

सोमवारी आम्ही कामावर आलो तर सगळ्या कॉम्प्युटरांच्या पोटाला भगदाडं. ती आमच्या आधी येऊन स्क्रूड्रायव्हरनं एकेका यंत्रातली फ्लॉपी घालायची खाच उचकटून बसली होती. आमची, साल्किनची, अगदी संपादकांच्या टेबलावरच्या यंत्राचीसुद्धा. सगळे सांगाडे एका पोत्यात भरून पोत्यावर बसली होती.

"अगं बाई, माझा कराचा हिशेब आहे!" साल्किन किंचाळली.

"केबल आहे ना भिंतीला? केबलनं पाठव."

"आणि पानं? गेनादी पावलोविचकडं काय हवेतून पाठवू?"

"ते मी बघते."

सेगिझबाय बाइके आले. बिघडलेलं यंत्र बघून त्यांचा चेहरा दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. "जिपार, हे सरकारी सामान आहे. तुझ्या बापाचं नाही."

"माझ्या बापाचं असतं तर आत्तापर्यंत नीट चाललं असतं. माझा बाप मेंढ्यासुद्धा नावानं ओळखायचा."

"गुरुवारी अंक आहे!"

"मग बुधवारपर्यंत जोडून होईल. नाही झालं तर कोरा अंक काढा. कोरा कागद कोणाची चेष्टा तरी करत नाही."

ती उठली, केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि गेनादी पावलोविचच्या दारावर लाथ मारली. मी मागं होतो, कारण मला खरंच वाटलं, आता इथं मारामारी होणार. दार उघडलं. तो दारातच उभा राहिला, हात आडवा करून, आणि रशियन रीतीनं बापाच्या नावासकट तिला हाक मारली.

"जिपार सादिकोव्ना, लाथेनं दार उघडायची पद्धत मी घोड्यांत पाहिलीय."

"आणि मी माणसाच्या नावात प्रश्नचिन्हं पाहिली. चाळीस वर्षं या भाषेचं मीठ खाल्लंत. बोलता येत नसेल, पण डोळे तर आहेत? काळ्या चौकटीतल्या नावात प्रश्नचिन्ह असतं का कधी? दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं," तो म्हणाला.

तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

"दिसलं मला. लगेच दिसलं. मग काय करायचं होतं? दार उघडून कोणाला विचारायचं होतं? तुम्हाला? शरदात विचारलं होतं ना. फायली दिसत नाहीत म्हणून सांगायला आलो, तर सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालात. माझ्या मुलीच्या वयाच्या बाईनं मला खोटारडा म्हटलं. त्या दिवशी मी ठरवलं, जे येईल ते लावायचं. कुत्रं आलं तर कुत्रं, प्रश्नचिन्ह आलं तर प्रश्नचिन्ह."

"एका मेलेल्या माणसाच्या नावावर सूड घेतलात?"

"तो मलाही ओळखत होता!" आता तो ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "ल्युबाला दवाखान्यात नेताना त्यानंच रस्ता करून दिला होता. तुम्हाला काय वाटतं, मला झोप लागली? पण तुमच्या दारात पुन्हा यायचं नाही म्हणजे नाही, एवढंच डोक्यात होतं. बस्स. असा मी गाढव. घाला केबल, नाहीतर घाला फाशी."

ल्युबा म्हणजे त्याची बायको, तीन वर्षांपूर्वी गेलेली.

जिपार एजे त्याच्या हाताखालून आत गेली, मॅकला केबल लावली, खुर्चीवर बसली आणि सर्व्हरवरची बातम्यांची पेटी उघडली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. आमच्या खोलीत त्या पेटीत फायली खच्चून भरलेल्या असत. इथं मोजक्याच दिसत होत्या. ज्या फायलींच्या नावात आमची ती तीन अक्षरं नव्हती, तेवढ्याच. बाकीच्या नव्हत्याच. नारिनच्या बाजारभावाची होती, गुरांच्या लसीकरणाची नव्हती, कारण आमच्या त्या शब्दात तो आवळायचा ओ येतो.

तिचे कान मानेपर्यंत लाल झाले.

"शरदात असंच दिसत होतं?"

"असंच."

"आणि मी इथं येऊन बघितलं नाही."

"नाही बघितलंत."

तिनं कीबोर्ड उचलला आणि मी दाराकडे सरकलो. पण तिनं तो पुन्हा खाली ठेवला, अगदी सरळ रेषेत. "सर्व्हरला प्रत्येक जातीच्या यंत्राची अक्षरं वेगळी शिकवावी लागतात," ती म्हणाली, आमच्याशी नाही, पडद्याशी. "दोघांची शिकवली. तुमच्या मॅकची शिकवायची राहिली. दोन ओळींचं काम. दोन ओळींचं! आणि वर मी तुम्हाला..." मग ती स्वतःला किरगीझमध्ये काहीतरी म्हणाली, जे मी इथं लिहीत नाही. गेनादी पावलोविचला ते समजलं असावं, कारण तो म्हणाला, "एवढंही नाही हो."

माफी तिनं मागितली का? मागितली म्हणता येईल. आमच्या सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं, साल्किनला, बातमीदारांना, झाडूवालीलासुद्धा, आणि भांडल्यासारख्या सुरात म्हणाली, "शरदात मी या माणसाला खोटारडा म्हटलं ते तुम्ही ऐकलं होतंत. आता हे ऐका. तो खरं बोलत होता. चूक माझी होती. जा आता, कामं करा." गेनादी पावलोविच खिडकीबाहेर बघत राहिला.

मग ती दोघं कामाला लागली, आणि ते दोन दिवस कचेरीत राहणं नको झालं. कारण भांडण संपलंच नाही, फक्त विषय बदलला. तो म्हणायचा, तुमचा फॉन्ट कुरूप आहे, माझं पान बिघडतं. ती म्हणायची, सुंदर फॉन्टात ओ नसेल तर तो सुंदर फॉन्ट तुमच्या डोक्यावर घाला. ती सर्व्हरच्या खोलीतून ओरडायची, "आता?" तो इकडून ओरडायचा, "चौकोन!" "आता?" "अजून चौकोन!" मी माझ्या यंत्रावर एकच शब्द लिहून पाठवत होतो: तोलोगोन. साल्किन तो उघडायची, साठवायची, पुढं ढकलायची. तिकडे तो दाखल व्हायचा, कधी अर्धा, कधी भलताच. एकदा तिन्ही ओंच्या जागी टक्क्यांची खूण आली तेव्हा साल्किन हसली, आणि जिपार एजेनं तिच्याकडे असं बघितलं की तिचं हसू घशातच मेलं.

मंगळवारी दुपारी, मी बाहेर ओट्यावर नान खात असताना आतून गेनादी पावलोविचचा आवाज आला. "तोलोगोन." वाचून दाखवल्यासारखा. त्याचा उच्चार चुकीचा होता, ओठ आवळले नव्हते. पण अक्षरं तिन्ही जागच्या जागी होती. मी धावत आत गेलो. जिपार एजे पडद्यासमोर उभी होती. आनंद वगैरे तिच्या तोंडावर काही नव्हतं. "आता उलट्या दिशेनं," ती म्हणाली. "तिकडून इकडं येऊ दे. मग जेवू."

बुधवारी दुरुस्तीवरून पुन्हा जुंपली. सेगिझबाय बाइकेंनी शेवटच्या पानावर, हवामानाखाली दोन ओळी द्यायला सांगितलं.

"पहिल्या पानावर," जिपार एजे म्हणाली.

"पहिल्या पानावर राज्यपालांची भेट आहे."

"राज्यपाल जिवंत आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेट देतील."

"जिपार, तू तारा जोड. पत्र मी चालवतो."

ती पुढं बोलणार होती, पण गेनादी पावलोविच दारात उभा होता. त्यानं तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि संपादकांना म्हणाला, "शेवटच्या पानावर. समजलं." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

गुरुवारी अंक आला. पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात, शीर्षकाला वापरतात त्याहून मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता: तोलोगोन. खाली त्याचं काम, त्याची खिंड, चाळिसाव्याचं निमंत्रण आणि "मागच्या अंकात हे नाव चुकीचं छापलं, याची आम्हाला लाज वाटते." राज्यपाल खालच्या कोपऱ्यात, शेळ्यांच्या लसीकरणाशेजारी, टिकलीएवढे.

बाइकेंचा आरडाओरडा नदीपलीकडे ऐकू गेला असेल. गेनादी पावलोविच शांतपणे म्हणाला, "मला किरगीझ येत नाही. मला वाटलं, हेच राज्यपालांचं नाव."

त्याला ते काही करू शकले नाहीत, पानं कोण लावणार? मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं. सगळ्यांना एकत्र बसवून जिपार एजेवर लेखी ठपका वाचून दाखवला: सरकारी सामानाची नासधूस, वरिष्ठांचा अवमान. ती उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "अवमान या शब्दातलं एक अक्षर तुम्ही खाल्लंत. पुन्हा वाचा." तिनं ठपका दुमडून खिशात घातला आणि केबल बघायला गेली.

झूरा आपा पुन्हा आली, चाळिसावा झाल्यावर. टोपलीभर बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे घेऊन. जेवणाला डोंगराच्या दोन्ही बाजूंची माणसं आली होती, अंगणात मावली नाहीत, असं तिनं सांगितलं. मला वाटलं, आता ती जिपार एजेला जवळ घेईल. तसं काही झालं नाही.

"मोठं छापलंत," ती म्हणाली. "पण पोरांना चिडवायला सापडलं ते सापडलं. पहिल्यांदाच नीट छापायचं होतं."

"खरं आहे, आपा."

"मी माफ केलेलं नाही. बोरसोक त्याच्या नावाचे आहेत, तुझ्या कौतुकाचे नाहीत."

"माफ करू नका," जिपार एजे म्हणाली, आणि टोपली दोन्ही हातांनी घेतली. म्हातारी गेल्यावर ती मला म्हणाली, "बघ कुबात, या कचेरीत येणारं एवढं एकच माणूस सरळ बोलतं, आणि ते इथं नोकरीला नाही."

उन्हाळ्यात राजधानीहून पाहुणे आले. तीन जातींची यंत्रं एका जाळ्यात चालताना बघून खूश झाले, कारण त्यांच्याकडे चालत नव्हती. सेगिझबाय बाइकेंनी त्यांना सर्व्हर दाखवला, खांद्यांवर हात ठेवले, "आम्ही ठरवलं की जोडायचंच" असं म्हणाले. जिपार एजे तेव्हा त्याच खोलीत टेबलाखाली केबल बसवत होती. ती टेबलाखालून बाहेर आलीच नाही. पाहुण्यांना दिसले ते तिचे पाय.

त्यानंतर दीड-दोन वर्षं ती टिकली. मग बाइकेंचा एक भाचा राजधानीतून शिकून आला आणि तिची जागा "आता गरज नाही" म्हणून काढून टाकली गेली. कोणी भांडलं नाही. मी भांडलो, पण कोणाला ऐकू जाईल इतकं नाही. गेनादी पावलोविच त्याआधीच मुलीकडे ओम्स्कला निघून गेला होता. त्याला बसवर पोचवायला ती आणि मी गेलो होतो. बस सुटेपर्यंत दोघं फॉन्टवरून भांडत होती. बस वळली तेव्हा तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हेकट म्हातारा. तिकडे याला सहन कोण करणार?"

आता ती जिल्हा रुग्णालयात आहे. तिथं क्ष-किरण यंत्राचा कॉम्प्युटर एका जातीचा, नोंदणीच्या खिडकीतला दुसऱ्या जातीचा, प्रयोगशाळेतला तिसऱ्या. डॉक्टर तिला घाबरतात. एका डॉक्टरनं तिला "जाऊ द्या हो" म्हटलं, तर तिनं त्याच्याच रुग्णाचं क्ष-किरण छायाचित्र त्याला दुसऱ्याच्या नावावर उघडून दाखवलं आणि विचारलं, "कोणाचा पाय कापायचाय, बोला. जाऊ देते." तो पोरगा नवखा होता, पांढराफटक पडला. ते जाळं तिला पूर्ण करायला एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षात तिनं दोन प्रमुख डॉक्टरांशी बोलणं सोडलं.

गेल्या शरदात सेगिझबाय बाइके निवृत्त झाले. मोठा समारंभ झाला. त्यांना चापान, म्हणजे मानाचा नक्षीदार अंगरखा घातला, एक उमदा घोडा भेट दिला. जिपार एजेलाही आमंत्रण होतं; कसं कोण जाणे, बहुधा यादी करणाऱ्यालाच माहीत नसेल. मला वाटलं, जाणार नाही. ती आली, चांगले कपडे घालून. पोटभर जेवली, मेंढीच्या मांसाचा दुसरा वाडगासुद्धा घेतला. भाषणांत कोणीतरी म्हणालं की आपल्या भागात यंत्रं जोडण्याची सुरुवात बाइकेंनी केली. तिचे कान लाल झालेले मला दिसले. मी तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला.

उठताना ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज इतका खाली की आजूबाजूच्या दोघातिघांनाच ऐकू गेला.

"घोडा चांगला मिळालाय, बाइके. पण त्याला जोडणारा, दाणा घालणारा कोणीतरी लागेल. त्या माणसाचं नाव तरी लक्षात ठेवा."

बाइकेंनी सवयीनं तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला. ती एक पाऊल मागं सरली. हात तसाच हवेत राहिला, आणि ती दारात जाऊन आपले बूट शोधू लागली.